गिताबाईंची अर्धी वात

कीर्तनाला उभा राहणारा सगळ्यांना दिसतो. कीर्तन ऐकणारा कुणाच्या नजरेत भरत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया पडायला रांग लागते. आणि खांबाला पाठ टेकून, मांडीवर कापूस घेऊन दोन तास बसलेली बाई पदर झटकून घराकडे निघते, तेव्हा तिला कुणी विचारत नाही, की माउली, आज तू काय ऐकलंस? श्रोतेहो, आजची गोष्ट त्या ऐकणाऱ्या बाईची आहे. कारण ऐकणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि ज्याला ती निष्ठेनं साधली, त्याचं दार गाणारे शोधत येतात.

निमोण्याच्या गिताबाईंचं दार असंच शोधलं गेलं.

गिताबाई लग्न होऊन निमोण्यात आल्या त्याला पस्तीस वर्षं झाली. या पस्तीस वर्षांत गावातला एकही सप्ताह त्यांनी चुकवला नाही आणि एकाही सप्ताहात त्या रिकाम्या हातानं बसल्या नाहीत. कान कीर्तनाला, हात कापसाला. देवळातल्या समईच्या वाती त्यांच्याच हातच्या. वळता वळता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बुवा खरोखर रंगात आले, की हात आपोआप थांबतो आणि वात अर्धीच राहते. बुवा वेळ काढू लागले, की हात भराभर चालतो. "एका सप्ताहात मी एका बैठकीला दीडशे वाती वळल्या," त्या सांगत, "म्हंजी बघा, कीर्तन कसं झालं आसंल!"

हे माप देवळापुरतंच राहिलं असतं. पण त्यांच्या भावाचा मुलगा इंद्रजीत सणसवाडीला नोकरीला लागला. दिवसभर कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि सुटीच्या दिवशी गाणी करायची, हा त्याचा क्रम. शब्द त्याचे, चाल त्याची. भाड्याच्या खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंगही त्याचंच. एका रविवारी तो निमोण्याला आला आणि त्यानं आत्याला मोबाइलवर आपलं गाणं लावून दिलं. एका खोलीत राहणाऱ्या चार मुलखांतल्या चार कामगारांचं गाणं. गिताबाई वाती वळत ऐकत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"ही शिट्टी कशाची रं?"

"शेजारच्या बिहारी भाऊच्या कुकरची. चुकून घुसलीय. काढणार हाय."

"काढू नगो. घर आठवतं, घर आठवतं आसं तू धा येळा म्हणलास, पर मला घर दिसलं त्ये त्या शिट्टीत. आन् त्याच्या आधी नुसतं 'ओ ओ' करत कितींदा फिरलास? सहा वाती झाल्या माझ्या."

इंद्रजीत खो खो हसला आणि मग त्यानं गाणं पुन्हा लावून ऐकलं. रात्रंदिवस त्या गाण्यात बुडूनही जे त्याला ऐकू आलं नव्हतं, ते आत्यानं सहा वातींत दाखवलं होतं. शिट्टी राहिली. 'ओ ओ' गेले. आणि ते गाणं सणसवाडीच्या खोल्याखोल्यांतून वाजलं.

मग एकाचे चार झाले. कुणी शिरूरहून आला, कुणी खुटबावहून. कुणाचं रॅप, कुणाचं प्रेमगीत, कुणाची गवळण कीबोर्डवर बसवलेली. गिताबाईंचा नियम एकच. मोबाइल पालथा ठेवायचा, गाणाऱ्यानं मध्ये तोंड उघडायचं नाही. गाणं संपलं, की हात कुठं थांबला ते आधी सांगायचं आणि कुठं पळाला ते मागाहून. चांगलं, वाईट हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. "मी कोण ठरवणार?" त्या म्हणत. "हात काय करत व्हता, येवढं सांगते." लेकराला न्हाऊ घालताना आई मळ काढते पण कातडीला ओरखडा येऊ देत नाही, तसं त्यांचं बोलणं. येणारा खाली मान घालून येई आणि जाताना कामाला लागलेला असे.

पण सज्जनहो, चूक भक्तालाही चुकलेली नाही. आणि भक्ताची चूक त्याच्या भक्तीतूनच येते.

गेल्या वर्षी गावच्या यात्रेसाठी इंद्रजीतनं पांडुरंगाचं गाणं केलं. पहिल्याच ओळीत नाम आलं आणि गिताबाईंचे हात जोडले गेले. कापूस मांडीवरून खाली पडला. "थांबला हात," त्या गहिवरून म्हणाल्या, "बिनघोर म्हण." यात्रेत इंद्रजीत स्टेजवर उभा राहिला. नाम आलं, सगळ्या मांडवाचे हात जोडले गेले. दुसऱ्या कडव्याला माणसं भेळेच्या गाड्यांकडे वळली. तिसऱ्याला पुढच्या सतरंजीवर चार म्हातारी माणसं उरली, आणि त्यातलं एक पेंगत होतं.

इंद्रजीत आत्याला एका शब्दानं बोलला नाही. त्यानंतर त्यानं नवं गाणंही केलं नाही. ते मौन गिताबाईंना फार लागलं. महिनाभर त्या मनाशी तेच घोळत राहिल्या, आणि एके सकाळी देवापुढं वात लावताना त्यांना उत्तर सापडलं. हात देवाला जोडले होते. गाण्याला कुठं जोडले होते? नाम घेतलं की हात जुळणारच. तो नामाचा मान. पाहायचं ते पुढं. जोडलेले हात सुटल्यावर कापसाकडे परत जातात, की तसेच मांडीवर राहतात?

त्यांनी इंद्रजीतला फोन करून सांगितलं, "चूक तुझी न्हाई, माझी हाय." तो "आसू दे आत्या" म्हणाला, पण गाणं करेना.

अशात एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो एका मुलीला घेऊन आला. करुणा तिचं नाव, लग्न व्हायचं होतं, घर दौंडला. इंद्रजीतच्याच कंपनीत तपासणीच्या कामावर. चौदा एप्रिलला दौंडला आपल्या वस्तीच्या स्टेजवर ती बाबासाहेबांचं स्वतः केलेलं गाणं म्हणणार होती. आयुष्यातली पहिली वेळ. बॅनरवर नाव लागलं होतं आणि हातात आठवडा उरला होता.

"आत्या, खरं खरं सांगायचं हं," करुणा म्हणाली. "हा म्हणतो, तुम्ही सोलून काढता."

"आमी फकस्त वाती वळतो बाई. सोलायला कांदे हायेत घरात."

गाणं लागलं. ढोल दणाणला. पहिल्याच ओळीला बाबासाहेबांचं नाव आलं आणि गिताबाईंनी आदरानं हात जोडले. करुणाचा चेहरा उजळला. पण या वेळी गिताबाई स्वतःच्या हातांवर डोळा ठेवून होत्या. हात सुटले. कापसाकडे गेले. गाणं संपलं तेव्हा ताटलीत नऊ वाती होत्या.

त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग करुणाकडे. पोर दुसऱ्या घरची, नाव तिच्या घरच्या सूर्याचं. आपण काय बोलावं? गोड बोलून सुटता आलं असतं. पण मागं एकदा अशाच गहिवरानं एक गाणारा मुका केला होता, आणि तो समोरच बसला होता. गिताबाईंनी आधी त्याची गोष्ट सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. मग ताटली पुढं सरकवली.

"नऊ."

करुणा लाल झाली. "आत्या, राग मानू नका, पण तुम्ही निमोण्याच्या. आमच्याकडं हे नाव घेतलं की माणूस उभं राहतं. आमची आजी काय होती आणि मी कुठं आले, ते त्या नावात आहे. तुम्हाला ते कसं कळणार?"

"करुणा, अगं..." इंद्रजीत चुळबुळला.

"तू गप रं. बरोबर बोलतीय ती," गिताबाई म्हणाल्या. "मला न्हाई कळायचं, पोरी. मंग माझ्या हातावर कशाला जातीस? तुझ्या घरात कामाचे हात कुणाचे?"

"आईचे. गोधड्या शिवते."

"मंग चल. एसटी कितीची हाय?"

तिघं भीमेचा पूल ओलांडून दौंडला पोचली तेव्हा ऊन उतरत आलं होतं. करुणाची आई ताईबाई ओसरीवर गोधडी पसरून बसल्या होत्या. तिचे आप्पा, म्हणजे वडील साहेबराव, रेल्वेचे रूळ सांभाळणारे निवृत्त गँगमन, विहारात मांडवाच्या कामाला गेले होते.

"ह्याच का निमोण्याच्या परीक्षक बाई?" ताईबाई हसल्या. "या, बसा. माझी पोरगी पास का नापास?"

"त्ये तुमीच सांगायचं, ताई. पर तोंडानं न्हाई. तुमी आपलं टाके घाला."

गाणं लागलं. नाव आलं. ताईबाईंनी सुई कापडात खोवली, भिंतीवरच्या तसबिरीकडे वळून हात जोडले. मग सुई उचलली आणि टाक्यामागून टाका धावू लागला. करुणाची नजर आईच्या बोटांवर खिळली होती. पहिलं कडवं गेलं, सुई धावली. दुसरं गेलं, सुई धावली. तिसऱ्या कडव्यात, ढोलाच्या गदारोळाखाली, करुणाचा आवाज पुटपुटल्यासारखा आला:

दुपारची भाकर, बाभळीची सावली,
आप्पांनी पेपर उघडला, सारी गँग गोळा झाली.

सुई थांबली. दोरा तसाच हवेत ताणलेला राहिला. गाणं पुढं गेलं, ढोल वाजून थांबले, तरी सुई खाली आली नाही.

"ह्ये कवा घातलंस गं?" ताईबाईंनी विचारलं. "मी डबा घिऊन गेले व्हते एकदा. बारा माणसं, आन् वाचणारा एकला. 'साहेबराव, ती बातमी परत वाचा,' म्हणायचे. भाकर तशीच राह्यची हातात."

करुणा आईजवळ सरकली. हळूच म्हणाली, "मी हे कडवं काढणार होते. घरचं आहे, स्टेजवर कशाला, म्हणून आवाज दाबला." मग ती गिताबाईंकडे वळली. "बोला ना आत्या."

"मी कशाला बोलू? सुई बोलली की."

"आता काय करू?"

आता मात्र गिताबाई सरसावून बसल्या. "तुझ्या बाबासाहेबांनी काय दिलं, त्ये त्या पेपरात हाय. तिथनं ढोल काढ. पार काढ. आन् त्या दोन ओळी पुटपुटू नगो, आप्पा वाचत आसतील तशा म्हण, लांबच्या माणसाला ऐकू जाईल आशा."

"आणि नाव?"

"त्ये तुझं तू ठरव. त्यात मी पडायची न्हाई."

करुणा बराच वेळ गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाव शेवटी घेते. आधी सांगते, मग घेते."

परतीच्या एसटीत इंद्रजीत खिडकीबाहेर पाहत होता. भीमेचा पूल मागं पडला तसा म्हणाला, "आत्या, यात्रेचं गाणं परत करतो. पहिल्या ओळीत नाम न्हाई घेणार." गिताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.  

चौदा तारखेला संध्याकाळी दौंडच्या त्या वस्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, निळे फेटे, सरबताची पिंपं. गिताबाई ताईबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसल्या, मांडीवर नेहमीचा कापूस आणि वातींची ताटली. करुणा पांढऱ्या साडीत उभी राहिली. गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला ढोल थांबला आणि मांडवभर एकटा तिचा आवाज उरला. बाभळीची सावली आली, पेपर उघडला. सरबत वाटणाऱ्याचा डाव पिंपावर तसाच धरलेला राहिला, त्यातून थेंब थेंब गळत होता. मागं खुर्चीवर साहेबराव ताठ बसले होते, जणू कुणी त्यांना ती बातमी परत वाचायला सांगितली होती. शेवटच्या ओळीला करुणानं नाव घ्यायला श्वास घेतला, पण तिच्याआधी सगळ्या मांडवानंच ते घेतलं, उभं राहून, एका गळ्यानं. ती ओठ उघडे ठेवून नुसती ऐकत राहिली.

उतरली ती गर्दीतून वाट काढत धावतच आली. आईच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसत गिताबाईंपुढं गुडघ्यांवर बसली.

"आत्या? हात?"

गिताबाईंनी मूठ उघडली. तळव्यावर अर्धी वळलेली वात होती. "पेपर उघडलास, तवापास्नं ही अशीच हाय."

करुणा हसली, रडली, पुन्हा हसली. गिताबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि मग ताटली पुढं केली.

"आन् दुसऱ्या कडव्यात चार वाती झाल्या."

"चारच?" करुणा म्हणाली, आणि पर्समध्ये पेन शोधू लागली.