वाड्यावरच्या माणसाला

आमच्या धनगरांत एक रीत होती. ती आधीच सांगतो, म्हणजे माझा संताप कशाचा ते कळेल. मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या माणसाला घरातलं मरण कळवायचं नाही. मेंढरांचा नि माणसांचा तो उघड्यावरचा मुक्काम, त्याला आम्ही वाडा म्हणतो. वाड्यावरच्या माणसाला कळलं तर तो सगळं टाकून धावत येणार, आणि मागं मेंढरं लांडग्याच्या तोंडी जाणार. म्हणून तो परत आल्यावरच सांगायचं.

माझ्या आबांची, म्हणजे वडिलांची, आई अशी गेली. आबा तेव्हा तरणेताठे होते. कोकणातून आमच्या गावी, राहूला परतले, आईला आवडतो म्हणून लाल तांदूळ बांधून आणलेला, आणि दारात उभे राहिल्यावर कळलं की तिला जाऊन कैक महिने झालेत. पुढं मेंढरं गेली, उसाचं रान झालं, आबा म्हातारे झाले, पण ती गोष्ट निघाली की स्वतःच्या बापाला शिवी हासडायचे. "मला माणूस समजलं न्हाई त्यांनी," म्हणायचे. हे ऐकत मी मोठा झालो.

म्हणून मला आफ्रिकेचं पोस्टिंग आलं तेव्हा मी एकच काम पक्कं करून निघालो. मी लष्करात नर्सिंग असिस्टंट. आबांच्या किडन्या गेलेल्या, दौंडला डायलिसिस चाललेलं. किती दिवसांचे सोबती, हे घरात मलाच सगळ्यांत चांगलं कळत होतं. निघायच्या आधी भावाला देवापुढं उभा केला आणि भंडारा उचलायला लावला. आबांचं काही झालं तर मला त्याच दिवशी कळवायचं. लष्कर त्यासाठी सुट्टी देतं. खांदा द्यायला नाही तर निदान दहाव्याला तरी पोचेन, एवढंच मागणं होतं माझं. भावानं हळद मुठीत घेतली, शब्द दिला, कपाळाला लावली. आमच्यात भंडारा उचलल्यावर पुढं कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

तिथलं युद्ध आमचं नव्हतं. त्या देशातल्याच दोन जमाती गुरांवरून, रानांवरून एकमेकांवर बंदुका घेऊन उठल्या होत्या, आणि आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून मधे बसलेलो. हॉस्पिटल म्हणजे एकाला एक जोडलेले पत्र्याचे कंटेनर. तांबडी माती, जनरेटरची घरघर, पाण्याचा टँकर आला नाही की सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सकाळी उठायचं, ड्रेसिंगची ट्रॉली लावायची आणि ओळीनं सुरू करायचं. गोळी लागलेले, भाल्यानं फाडलेले, जखमेत अळ्या पडल्यावर कुणीतरी खाटेवर घालून आणलेले. दुपारी आमची डाळ-चपाती. चपाती त्यांना नको असायची, दूध मागायचे. दूध कुठलं? पावडर कालवून द्यायचो, तर एक घोट घेऊन माझ्याकडं असं बघायचे की मीच गाय आटवलीय.

त्यातला एक गुराखी माझ्या जवळचा झाला. माझ्याच वयाचा, मांडीचं हाड गोळीनं फुटलेलं. एकदा दुभाष्यामार्फत सांगत होता की गुरांच्या कानाला ते आपापली खूण कापतात. मी म्हटलं, अरे, आम्हीपण! आणि त्याच्या प्लास्टरवर पेननं आमच्या मेंढ्यांच्या कानाची खूण काढून दिली. हसला लेकाचा. पण सारखा दाराकडं बघायचा. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ आणला होता, तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. आमच्या वॉर्डाचे सुभेदार साहेब, साताऱ्याकडचे, त्यांनी सगळ्यांना बजावलेलं की भावाला मोठ्या हॉस्पिटलला हलवलंय असंच सांगायचं.

मला ते जमेना. एके सकाळी ड्रेसिंग संपवलं, दुभाष्याला बोलावलं आणि खरं सांगून टाकलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला. खाणं नाही, दूध नाही. मी घाबरलो. पण नंतर एक दिवस मी बँडेज सोडत असताना त्यानं माझं मनगट धरलं आणि काहीतरी बोलला. दुभाष्या म्हणाला, तो म्हणतोय, आता दाराकडं बघायचं काम संपलं. त्या दिवसापासून तो जेवायला लागला.

सुभेदार साहेबांनी मला स्टोअरमध्ये बोलावून झापलं. बरं होत चाललेल्या माणसाला असं सांगतात का, त्याचं हाड तरी जुळू द्यायचं होतंस, वगैरे. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माझ्याशी असं कुणी वागलं ना साहेब, तर मी जन्मात त्याचं तोंड बघणार नाही." त्यांनी मान खाली घातली, उगाच कापसाचे गठ्ठे इकडचे तिकडं केले आणि जा म्हणाले. शिक्षा नाही, काही नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

त्याच दिवसांत भाऊ फोनवर टोपी घालून दिसायला लागला. पांढरी, पुढाऱ्यासारखी. भाऊ रांजणगावच्या कंपनीत कामाला, केसांना जेल लावून फिरणारा गडी. मी चेष्टा केली, सरपंचकीला उभा राहतोस काय? तो हसला. मिशी तो तशीही ठेवत नाही, त्यामुळं तिकडं लक्ष गेलं नाही. आबा कुठंत विचारलं की डायलिसिसनं दमून झोपलेत. आई बोलायची, पण समोर यायची नाही. हात पिठाचे हायेत म्हणायची, नाहीतर रेंज न्हाई. दिवसभर मी माणसांच्या चेहऱ्यावरून ओळखायचो, कोण दुखणं लपवतंय. आणि माझ्याच घरातलं मला दिसलं नाही. दिसणार कसं? भंडारा उचललेला होता ना.

परत आलो तेव्हा दौंड स्टेशनला भाऊ एकटाच होता. आबा आजारी असले तरी मला घ्यायला येणार म्हणजे येणार, आणि आज नाहीत. भावाचं डोकं उघडं होतं. केस बोटभर, सगळीकडं सारखे. मी विचारलं, आबा? तो म्हणाला, घरी चल. गाडीवर मागं बसून राहूपर्यंत मी त्या डोक्याकडं बघत होतो. दारात आई उभी होती. कपाळ मोकळं.

नंतर कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी बॅग ठेवली, आबांच्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि भावाला एवढंच म्हणालो, "तू भंडारा उचलला व्हतास."

"व्हय. आन् आबांनीबी उचलायला लावला," तो म्हणाला. "तुझ्यानंतर. दवाखान्यात पुडी मागवून घेतली त्यांनी. म्हणालं, मला कळवलं न्हाई म्हणून माझी मेंढरं जगली. त्याच्या हाताखाली माणसं हायेत. तो वाड्यावर हाय, त्याला सांगायचं न्हाई."

भावानं आपल्या मनानं केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. पण आबा! ज्यांनी आयुष्यभर त्या एका गोष्टीसाठी बापाला माफ केलं नाही, त्यांनी मोजून तेच माझ्याशी करावं? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी तरीही भांडलो, फोटोपुढं उभा राहून, आई ऐकत असताना. मला माणूस समजलं नाही तुम्ही, असं म्हणालो.

सुभेदार साहेबांना फोन लावला. अडीअडचणीला म्हणून त्यांचा नंबर मीच घरी देऊन ठेवलेला. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या भावानं फोनवर हात जोडले रे, सांगू नका म्हणून, असं म्हणाले, स्टोअरमध्ये त्या दिवशी ओठावर आलं होतं. मी फोन कापला. त्यानंतर त्यांचा घेतलेला नाही.

आता मी डोंगरातल्या एका लष्करी हॉस्पिटलात आहे. भावाला फोन लावला की आधी टोपी काढायला लावतो; ती आता त्याच्या सवयीची झालीय. तो कंपनीत ड्युटीवर असला तरी काढतो, फोनपुढं मान वाकवून केस दाखवतो. मग मी बोलायला लागतो. परवा आईनं ते पाहिलं. तिनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "माझ्या येळंला कळवतील रं तुला. मी कुणाला काय उचलाय लावायची न्हाई."

मी बरं म्हणालो. काल पुन्हा फोन केला, तेव्हाही भावाला आधी टोपी काढायला लावली.