तिला वास येत होता

कोल्हापूरच्या इस्पितळात ताईला शेवटची पाहिली, तेव्हा पट्ट्यांतून नाक आणि डोळे तेवढे दिसत होते. मी खाली वाकलो. "अजून येतोय रे वास..." ती म्हणाली. औषधांचा असेल, असं नर्स म्हणाली, त्यावर ताईने नाही म्हणून मान हलवली. पहाटे ती गेली. त्याला आता काही आठवडे झाले, आणि रत्नागिरीत जो तो मला सांगतो, तुझी ताई फार सोशिक, कधी तोंड उघडलं नाही बिचारीने. डोकं फिरतं माझं. म्हणून हे लिहायला बसलो.

ताई बडबडी होती. मासळीबाजारात तिने हुज्जत घातली की आजूबाजूची गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून ऐकत राहायची. आणि नाक असं तिखट, की शेजारी दूध करपलं तर हीच खिडकीतून हाक मारायची. भावोजींना मात्र त्या नाकाची थट्टा करण्यात भारी मजा वाटे. त्यांची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. तिला मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही, ही त्यांची शान. गेल्या थंडीत पेट्रोलची नळी चिरली, तर यांनी आंब्याच्या कलमांवर औषध मारायच्या फवारणी पंपाच्या नळीचा उरलेला तुकडा कापून तिथे बसवला. माप अगदी बरोबर! वर आम्हाला ऐकवलं, "हिच्यातून विष जातं, पेट्रोलचं काय घेऊन बसलात?"

शिमग्याला गेलो तेव्हा ताई अंगणातच म्हणाली, "गाडीला पेट्रोलचा वास मारतो. तू तरी बघ." मी बॉनेट उघडलं. पारदर्शक नळी पिवळी पडून काठीसारखी कडक झाली होती. जरा वाकवली तर क्लिपेजवळ बारीक भेगा, आणि बोटाला ओल. भावोजींना म्हटलं, ही आजच काढा, दुकानातून पेट्रोलची नळी आणा. ते पाहुण्यांकडे वळून हसले. "भावाला पण तेच नाक! अगो, तू पोलिसात जा, कुत्र्याची जागा रिकामी आहे." पाहुणे हसले. ताई हसली नाही. "हसा," ती म्हणाली, "पण मला येतोय वास."

मे महिन्यात ते दोघं जयगडला भावोजींच्या भावाकडे आंबे द्यायला निघाले. पुढच्या सीटवर आंब्यांची पेटी, कारण मागे आंबे दबतात. ताई मागे. मागचं दार आतून उघडत नसे, भावोजी उतरून बाहेरून उघडायचे, आणि लोकांना वाटे, काय हा बायकोचा मान! चढावर बॉनेटमधून धूर आला. भावोजी उतरले... आणि आधी बॉनेट उघडायला गेले. वारा मिळाला तसा जाळ उसळला. ते मागे पळाले ते थेट रस्त्यापलीकडे. ताईचं दार उघडलं मागून आलेल्या एका रिक्षावाल्याने. "ताई आतून काच बडवीत होत्या," त्याने मला सांगितलं, "आणि साहेब बघत उभे होते."

तेराव्याला भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वास येत होता, तर बोलायचं ना तिने." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून म्हणालो, "बोलली होती. माझ्यासमोर तुम्हाला बोलली होती." कोणीतरी मला हाताला धरून पडवीत नेलं आणि सरबत दिलं.

हल्ली भावोजी एकटेच असतात. रोज सकाळी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी वाकवून बघतात, शेगडीवर नाक नेऊन उभे राहतात. गॅसवाला दोनदा येऊन तपासून गेला, सगळं ठीक आहे म्हणाला. शेजारी म्हणतात, मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका. मग ते मला फोन करतात.

"येतो रे वास, खरंच येतो. कोणी ऐकतच नाही माझं. तुला तरी खरं वाटतं ना?"

मी फोन ठेवून देतो.