डोहातली मरळ आणि माझं सर्टिफिकेट

पूर्णेच्या डोहात मासे धरणाऱ्या शेवंताबाईंनी घमेलं थेट माझ्या टेबलावर ठेवलं. आत बोटभर लांबीची मेलेली मरळीची पिल्लं. शेजारी एक रिकामा कॅन. त्यावर माझ्या एजन्सीचा अकोल्याचा पत्ता.

"हे तुमचंच औषद ना, सायेब? आमच्या डोहातली सगयी मासोई मेली."

मी फायर सेफ्टीचा सल्लागार. लग्नाच्या मांडवाचं कापड पेटू नये म्हणून ते फायर रिटार्डंटच्या पाण्यात भिजवतात. त्यात अमोनियम फॉस्फेट आणि बोरॅक्स असतं. ठिणगी पडली तर कापड तेवढ्यापुरतं काळं पडतं, ज्योत धरत नाही. रसायन मीच विकायचो, कापड तपासून सर्टिफिकेटही मीच द्यायचो.

त्याच दुपारी अकोट रोडला गेलो. प्रमोदभाऊ डेकोरेशनवाल्यांचं गोडाऊन पूर्णेच्या काठावर. मागं कापड भिजवायचं सिमेंटचं टाकं, टाक्यातून निघालेला पाइप सरळ डोहात. मार्च महिना. नदीची धार तुटलेली, पाणी नुसतं साचलेलं. वर हिरवं शेवाळ, कारण फॉस्फेट म्हणजे खतच. मत्स्यालयाच्या दुकानातून अमोनिया तपासायचं किट नेलं होतं. पाण्यात थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. अमोनियानं माशांचे कल्ले जळतात. त्यात हा खारपाण पट्टा. इथल्या क्षाराच्या पाण्यात अमोनिया आणखी जहरी होतो. हे मला माहीत होतं. विकताना आठवलं नव्हतं.

"प्रमोदभाऊ, उरलेलं पाणी डोहात सोडता?"

"मंग कुठी सोडू? तुमीच म्हनलं होतं ना, बिनविषारी हाये?"

"माणसांसाठी."

"मी काय मासोईचे लग्न लावून राहिलो काय, सर?"

"तेच पाणी साठवून पुन्हा वापरा."

"पांढऱ्या कापडावर डाग पडते. गिऱ्हाईक तुमी सांभाळसान?"

पाइप बंद केल्याशिवाय सर्टिफिकेट देणार नाही, असं मी सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांना ते अमरावतीच्या एका सल्लागाराकडून मिळालं. त्यानं गोडाऊन पाहिलंसुद्धा नव्हतं.

शेवंताबाईंच्या नावानं तक्रार मीच लिहिली. सरकारी माणूस नमुना घ्यायला आला, तोवर वरच्या धरणाचं पाणी सुटून डोह धुऊन निघाला होता. रिपोर्ट आला : अमोनिया किंचित जास्त, संभाव्य कारण वरच्या गावांचं सांडपाणी.

मी तो वाचून दाखवला. शेवंताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सांडपानी तं माह्या सासूच्या काळापासून येऊन राहिलं. मंग मासोई आतालोक काहून नाई मेली?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते रिपोर्टात नव्हतं.

पावसाळ्यानंतर डोहात थोडे झिंगे दिसले, मरळ नाही. शेवंताबाई आता अकोटच्या बाजारात बर्फातले, बाहेरून आलेले मासे विकतात. मला पाहिलं की दुसरीकडे बघतात.

रसायन विकणं मी सोडलं. सर्टिफिकेटच्या फॉर्मवर स्वतःच एक रकाना वाढवला : उरलेलं द्रावण कुठं टाकलं? बहुतेक जण तिथं आडवी रेघ मारतात. नियमात हा रकाना नाही, त्यामुळे रेघ चालते. पहिल्या वर्षी रेघ मारणाऱ्या दोघांना परत पाठवलं. दोघंही अमरावतीला गेले. आता कापड पेटलं नाही, की मी सही करतो.