काकीची अट

माझा धाकटा काका वर्षाचाही नव्हता तेव्हा तापाने फणफणला आणि ताप उतरला तोवर त्याचं ऐकणं गेलेलं होतं. हे मला पुष्कळ पुढे कळलं. लहानपणी एवढंच ठाऊक होतं, की काकाशी हातांनी बोलायचं असतं. सांगवीच्या आमच्या घरात ते कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. काकाच्याच खुणा होत्या त्या. मिशीला पीळ दिला की आजोबा, म्हणजे आमचे आबा. नाकाशी नथीसारखी चिमूट धरली की आई. हनुवटीवर बोट टेकवलं की मी, कारण ओट्यावरून पडून तिथं मला टाके पडले होते. मोरगावला जायचं असलं, की तो नाकापासून सोंड काढायचा.

घरात सगळ्यात बडबडा माणूस तोच. बारामतीच्या गुरांच्या बाजारातून आला, की कुणाचं खोंड कसं उधळलं आणि कुणाचं धोतर त्यात कसं सुटलं, हे असं काही करून दाखवायचा की आबांनाही हसता हसता ठसका लागायचा. पण फाटकाबाहेर पडला की तो गप्प. शाळेत चौथीपर्यंत मागच्या बाकावर बसून फळ्यावरची अक्षरं उतरवली, मग शेतात आला. लग्नाकार्यात पाहुण्यांना पाणी द्यायचा आणि कुणी काही बोलायला लागलं, की नुसती मान हलवायचा.

मी सातवीत असताना त्याच्यासाठी इंदापूर तालुक्यातलं एक स्थळ आलं. मुलगी जन्मापासून बहिरी, पण बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत राहून दहावी झालेली, शिवणकाम करणारी. दोन दिवसांनी जेवताना आबा म्हणाले, "दोघांनाबी ऐकू येत न्हाय. उद्या लेकरू झालं, तर त्याचं रडणं कोण ऐकायचं?"

आई भाकरी थापत होती. तिने वरही न पाहता सांगितलं, "मी हाय की, आबा."

पुढच्या रविवारी आम्ही जीप करून मुलगी बघायला निघालो. काकाने नवा शर्ट घातला होता आणि वाटेत चारदा आरशात भांग बघितला.

त्यांचं घर डाळिंबाच्या बागेला लागून होतं. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलगी समोर येऊन बसली. तिने काकाकडे पाहून काहीतरी विचारलं. तिचे हात असे भराभर चालले, की मी बघतच राहिले. काकाला त्यातलं काहीही कळलं नाही. त्याने आमच्या घरच्या खुणांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तर ते तिला कळेना. शाळेत शिकलेली तिची भाषा वेगळी आणि काकाची घरी घडलेली वेगळी. पुन्हा एकदा तिने विचारलं. काकाने दोन्ही हात गुडघ्यांत दाबले आणि खाली बघत बसला. मला रडू आलं. आमचा एवढा गप्पिष्ट काका, आणि त्याच्यासारख्याच माणसापुढे त्याची बोलती बंद!

वडील हळूच आबांना म्हणाले, "निघायचं का?"

पण मुलगीच उठली. तिने काकाला बाहेर यायची खूण केली. आईने मला डोळ्यांनी सांगितलं, जा मागोमाग. अंगणात शेळी बांधली होती. मुलीने शेळीकडे बोट दाखवलं आणि तिची खूण करून दाखवली. मग काकाकडे पाहत राहिली, आता तू सांग. काकाने हनुवटीखाली दाढी ओढली आणि मान उडवली. ती हसली. मग विहीर, मग लिंबाचं झाड, मग ट्रॅक्टर. काकाचा ट्रॅक्टर म्हणजे अख्खं अंग थरथरवणं. ते पाहून ती पोट धरून हसली, आणि मग तिनेही तसंच करून दाखवलं. पोह्यांच्या ताटल्या विसळून झाल्या, दुसरा चहा आला, तरी त्या दोघांचं बाग दाखवणं संपेना.

आत आल्यावर तिने तिच्या भावाला काहीतरी सांगितलं. भाऊ जरा घुटमळला. "तिला पसंत हाय," तो म्हणाला. "पण तिची एक अट हाय."

आबा सावरून बसले. "बोला की."

"ती म्हणतीया, घरातल्या समद्यांनी तिची भाषा शिकायची. तिच्याशी नुसतं खा, झोप, ऊठ एवढंच बोलणार असाल, तर ती यायची न्हाय."

खोलीत सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी आपले ऊस तोडून निबर झालेले हात उलटेपालटे करून पाहिले. "ह्या वयात?" ते म्हणाले, आणि मग हसले. "बरं. शिकवायला लावा तिला."

लग्न झालं आणि काकीने अट खरी करायला घेतली. रोज चहाच्या वेळी सगळ्यांनी ओट्यावर बसायचं. आबांची बोटं वळायची नाहीत. ते 'पाऊस' म्हणायला जायचे आणि भलतंच काहीतरी व्हायचं. काकी त्यांची बोटं धरून नीट करायची. सासऱ्याचा हात धरते म्हणून शेजारणी कुजबुजल्या, पण आबांनीच त्यांना सुनावलं, "मास्तरीण हाय ती माजी." आई सगळ्यात लवकर शिकली. पिठाच्या हातांनी ती काकीशी बोलायची आणि चुलीपुढे पिठाचा धुरळा उडायचा. काकाचं तर विचारूच नका. त्याला आता कालचं, उद्याचं, मनातलं, सगळंच सांगता येऊ लागलं. लहानपणी शाळेत आपल्याला काय वाटायचं, हे त्याने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते काकी आल्यावर.

वर्षादीड वर्षात मुलगा झाला. त्याला ऐकू येत होतं. आईने आपलं अंथरूण त्यांच्या खोलीच्या दाराशी टाकलं आणि बाळ रडलं की ती काकीला हलवून उठवायची. पुढे तेच बाळ, तोंडाने बोलायच्या आधी, धार काढल्यासारखी मूठ दाबून दूध मागायला लागलं.

मी कॉलेजात असताना आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, पुष्कळ दिवस एक शब्द बोलायचा नाही. नर्सने विचारलं, "आजोबा, दुखतंय का? नुसती मान हलवा." आबांनी मान हलवली नाही. त्यांनी सावकाश दोन्ही हात वर केले आणि बोलायला लागले. त्यांच्या पायांशी उभी असलेली काकी एकदम खुदकन हसली. नर्सला काही कळेना, म्हणून आई म्हणाली, "ते म्हणत्यात, दुखत न्हाय, पण शेजारचा पाव्हणा लई घोरतोय."

दवाखान्यातले ते सगळे दिवस आबा आमच्याशी बोलतच होते. पाणी द्या, उसाला पाणी दिलं का, पोराला शाळेत सोडलं का. एका दुपारी त्यांनी काकीला जवळ बोलावलं आणि हातांनी म्हणाले, "तू अट घातलीस, बरं झालं." काकीने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि उत्तर दिलं, "आता झोपा." त्यानंतर आबा बरे होऊन घरी आले आणि आणखी पुष्कळ वर्षं आमच्यात राहिले.

मी आता पुण्यात नोकरी करते. दुपारी डबा उघडला, की बरेचदा काकीचा व्हिडिओ कॉल येतो. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करते. ती विचारते, काय आणलंस डब्यात, एवढीच भाजी, तब्येत का उतरली. मागून काका मध्येच तोंड घालतो, नवीन गाय दाखवतो, आणि दोघं माझ्यासमोरच भांडायला लागतात. ऑफिसातली माणसं आधी वळून बघायची, आता सवय झाली त्यांना. दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले असल्यामुळे घास घेता येत नाही, आणि भाजी गार होऊन जाते.