अल्फारेटातलं कोत

माझं शेवटचं पोस्टिंग अल्फारेटा, जॉर्जिया, अमेरिका. ऑर्डर लेकीची. "बाबा, सहा महिने या, ईराला आजोबांची सवय होऊ दे," असं स्नेहल म्हणाली आणि मी ट्रंक भरली.

फौजेत चोवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हवालदार म्हणून कोतात. कोत म्हणजे पलटणीच्या हत्यारांची खोली. रायफल सकाळी सही करून न्यायची, संध्याकाळी परत आणायची. आणणारा शिपाई असो की कर्नल, चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, उघडून दाखवल्याशिवाय मी हत्यार आत घेत नसे. एकदा एका ब्रिगेडियरलाच दारात थांबवलं. साहेब चिडले नाहीत, फक्त माझी रजा दोन आठवडे लांबली.

अल्फारेटाचं रूटीन सोपं होतं. ०५०० उठणं, ०५३० शेजारच्या ग्रॅहमबरोबर फेरी. ग्रॅहम मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथल्या फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. तोही लेकीच्या ऑर्डरवर इथे आलेला, त्यामुळे आमचं लगेच जमलं. ०८०० ईराची स्कूल बस. ईरा सहा वर्षांची. मी मराठीत बोलणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, आणि दोघांनाही सगळं कळणार.

दुसऱ्या आठवड्यात ईराचे मोजे शोधताना मी जावयांच्या पलंगाशेजारच्या खणाला हात लावला.

"बाबा, तो ड्रॉवर नको! अनिकेतची गन आहे त्यात."

"कुलूप?"

"अहो, चोर आला तर कुलूप उघडत बसायचं का? मागच्या स्ट्रीटला ब्रेक-इन झालं, तेव्हा घेतली."

तो खण ईराच्या कमरेइतक्या उंचीवर होता.

आणि बोलायचं कसं? ब्रिगेडियरला अडवणारा हवालदार जावयापुढे गप्प. अनिकेतराव म्हणजे लाख माणूस, सकाळचा चहा स्वतः करून मला देतात. पण लेकीच्या घरी जाऊन सासऱ्याने जावयाला ऑर्डर सोडायची, हे आमच्यात बसत नाही. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रॅहमजवळ मन मोकळं केलं.

तो म्हणाला, "आमच्या फार्मवर वडिलांची रायफल स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असायची, झाडूशेजारी. मग कायदा कडक झाला. आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या तसल्या रायफली सरकारने भरपाई देऊन जमा केल्या. बाकीच्या हत्यारांना लायसन्स, आणि त्यासाठी कारण द्यायचं. शेती चालेल, शिकार चालेल, क्लब चालेल. भीती वाटते, हे कारण चालत नाही. जे हत्यार राहील ते स्टीलच्या कपाटात, गोळ्या वेगळ्या कुलपात."

"वडील तयार झाले?"

"वर्षभर सरकारला शिव्या घातल्या. मग भरपाईतून मासेमारीची होडी घेतली, तेव्हा शिव्या कमी झाल्या." ग्रॅहम हसत हसत थांबला. "काही वर्षांनी शेजारी गाडीच्या सीटवर रायफल टाकून आमच्याकडे आला. वडिलांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. म्हणाले, आधी ती कपाटात ठेवून ये. पूर्वी कुलूप लावणाऱ्याला लोक हसायचे, मेट. आता न लावणाऱ्याला घरात घेत नाहीत."

"म्हणजे अख्ख्या देशाचं कोत झालं!" मी म्हणालो. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एक फेरी जास्त मारली.

इथे कायदा करणं माझ्या हातात नव्हतं. दसरा मात्र जवळ आला होता.

खरा दसरा मंगळवारी, इथला शनिवारी. स्नेहलने चार घरं बोलावली. पाटावर लॅपटॉप, शिवणाची कात्री, डॉक्टर काकूंचा स्टेथोस्कोप आणि ग्रॅहमचा पाना. मी जाहीर केलं, "पूजा पलटणीच्या पद्धतीने. आधी प्रत्येक शस्त्राची तपासणी." आणि आवाज लावला, "जाँच शस्त्र!" शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. पुण्याच्या एका इंजिनिअरने लॅपटॉप उघडून दाखवला, "काका, पासवर्डपण सांगू?" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. ईराने आपली शाळेची कात्री छातीशी धरून मार्च केला.

मग अनिकेतरावांना चेव आला. "बाबा, माझंही शस्त्र पूजेला!"

मी याचीच वाट पाहत होतो. मुलांना ग्रॅहमबरोबर समोरच्या अंगणात पिटाळलं, रेडबडची पानं तोडायला. ती दिसायला आपट्यासारखी, म्हणून इथे तेच सोनं. मोठ्यांना घेऊन मी मागच्या डेकवर गेलो.

"रिकामी आहे, बाबा. गोळ्यांचं मॅगझिन मी कालच काढलंय."

"बरं."

मी गन हातात घेऊन नळी फुलझाडांच्या मातीकडे धरली. स्लाइड मागे ओढली. आतून एक गोळी बाहेर उसळली आणि डेकच्या लाकडावर टक्कन पडली. वेळ १०४०.

स्नेहलने तोंडावर हात धरला.

"पण मॅगझिन तर..." अनिकेतराव त्या गोळीकडे बघून म्हणाले.

"मॅगझिन निघालं. चेंबरमधली राहिली."

मग मी बबनचं सांगितलं. या घरात पहिल्यांदाच.

नाईक बबन, साताऱ्याकडचा. शिट्टी वाजवल्याशिवाय त्याला बूट घालता येत नसत. मी तेव्हा कोतात नवा होतो. एक जवान ड्यूटीवरून आला, रायफल साफ करायला बरॅकमध्ये नेतो म्हणाला. मी विचारलं, "खाली है?" तो म्हणाला, "खाली है, उस्ताद." चहाची वेळ झाली होती. मी चेंबर न बघता म्हटलं, "जा." १६१० वाजता गोळी सुटली. बबन समोरच्या खाटेवर बसला होता, हातात चहाचा मग. त्या जवानाचा मला कधी राग आला नाही. स्वतःचा अजून येतो.

अनिकेतरावांनी खाली वाकून ती गोळी उचलली आणि माझ्या हातात दिली. मग ताठ उभे राहिले.

"बाबा, ऑर्डर द्या."

मी ऑर्डर दिली. पुरणपोळी खाऊन १४०० ला आम्ही दुकानात. १७०० ला ग्रॅहमने स्टीलची तिजोरी कपाटात बोल्ट मारून बसवली, गोळ्यांची पेटी वेगळ्या कुलपात. एकेका बोल्टबरोबर माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. निघताना पासवर्डवाला इंजिनिअर हळूच म्हणाला, "काका, संडेला आमच्याकडेपण याल? बायकोला सांगू नका." बायको मागेच उभी होती! थंडी पडेपर्यंत मी चार घरांत कोत उभं केलं. प्रत्येक घरी पोहे झाले, माझी पँट कमरेत घट्ट झाली.

आमच्या कोताची संत्री, म्हणजे पहारेकरी, ईरा. अनिकेतराव शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायला निघाले की ती कपाटासमोर लाटणं घेऊन उभी राहते.

"थम! कौन आता है?"

"दोस्त."

"Password?"

तो तिनेच ठरवला. त्या दिवशी स्नेहलने तिला एवढंच सांगितलं होतं की आजोबांचा एक मित्र होता, छान शिट्टी वाजवायचा.

"बबन," अनिकेतराव म्हणतात.

"Pass, friend," ईरा म्हणते, आणि लाटणं बाजूला घेते.