कोंडूशेठच्या सोयीचा वाढदिवस

मनस्वीला दोन वर्षं पूर्ण झाली मंगळवारी, पण तिचा वाढदिवस ठरला रविवारी. कारण मंगळवारी कोंडूशेठला वेळ नव्हता.

कोंडूशेठ म्हणजे ग्रामपंचायतीला पॅनल उभं करणारा माणूस. सापगावात त्यांनी ज्याचं नाव घेतलं तो सदस्य. बाकीच्यांनी घरी बसावं. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती आणि मनस्वीच्या बापाला, साईनाथला, वॉर्ड नंबर दोनमधून उभं राहायचं होतं. आटगावच्या गोदामात सुपरवायझर असलेला हा माणूस सहा महिन्यांपासून पांढरे शर्ट घालू लागला होता. कुणी रस्त्यात भेटलं की आधी हात जोडायचा, मग ओळख पटवायचा. एकदा तर घाईघाईत स्वतःच्या बायकोलाच नमस्कार करून बसला.

"पोरीचा दिस मंगळवारी आन् साजरा रविवारी?" त्याच्या आईने, गिरजाबाईने, विचारलं.

"आई, मंगळवारी शेठला टाइम नाय."

"पोरगी काय शेठला इचारून जल्माला आली व्हती?"

साईनाथने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही कला त्याने सदस्य व्हायच्या आधीच आत्मसात केली होती.

मंगळवारी गिरजाबाईने आपल्यापुरता वाढदिवस केला. नातीला न्हाऊ घातलं, पाटावर बसवून औक्षण केलं, वाटीभर खिरीचा नैवेद्य दाखवून तीच खीर तिला भरवली. देवाच्या दरबारात वाढदिवस रुजू झाला तो तेव्हाच. रविवारचा होता तो माणसांच्या दरबारासाठी.

त्या दरबाराचा बॅनर शुक्रवारीच नाक्यावर लागला. वर मधोमध कोंडूशेठ, गळ्यात हार घातलेले. खाली हात जोडलेला साईनाथ. बाजूने तेवीस शुभेच्छुकांची तोंडं. मनस्वीही होती, डाव्या कोपऱ्यात गॉगल घालून, पण तिला शोधावं लागे. तिची आई नम्रता बॅनरवर नव्हती, पण ते तिने सोडून दिलं. तिने दुसरंच विचारलं.

"अवो, वाल्मिक भावजी कुठं हायेत?"

"जागा नाय उरली."

"आन् हा मिशीवाला कोन?"

"नाव नाय म्हाईत. शेठच्या गाडीत बसतो."

वाल्मिक म्हणजे साईनाथचा सख्खा चुलतभाऊ. घरं दोन, अंगण एक. त्याचा एक जुना टेम्पो होता, त्यातून तो शहापूरच्या बाजाराला भाजी न्यायचा, आणि येता-जाता कुणाचं आजारी माणूस, कुणाची गॅसची टाकी, कुणाच्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म. वॉर्डातल्या लोकांना अडचण आली की तोंडात आपसूक त्याचं नाव यायचं. वाल्मिकने उमेदवारीचा 'उ' कधी काढला नव्हता. तरी जागा उरली नाही, ती नेमकी त्याच्यापुरती.

आता उत्सवमूर्तीबद्दल. मनस्वीला चाळीसेक शब्द येत होते, त्यातला 'नाय' सर्वांत कामाचा. चप्पल घालायची तर आजीची. जेवायचं तर पहिला घास वासराला. विस्तव दिसला की मात्र दोन्ही हात जुळायचे, 'बाप्पा!' गॅसची शेगडी बाप्पा, मच्छरची अगरबत्ती बाप्पा. शेजारचा म्हातारा ओट्यावर विडी ओढत होता, तर त्या विडीपुढेही ही भक्तिभावाने उभी राहिली. बिचाऱ्याने लाजून विडी विझवली, तर म्हणाली, "बाप्पा गेला," आणि भोकाड पसरलं. दिव्याला तोंडाने फुंकर घालायची नसते, हे आजीने तिला संध्याकाळच्या दिवाबत्तीला रोज सांगून शिकवलं होतं. बापाच्या राजकारणापेक्षा ही शिकवण जास्त पक्की बसली होती.

रविवारी सहाची वेळ दिली होती. शेठ पावणेआठला आले. मनस्वीची झोपायची वेळ साडेसातची. तोवर तिने डोक्यावरचा मुकुट वासराला घालून पाहिला होता आणि टोचणारा झालरीचा फ्रॉक कमरेपर्यंत उतरवला होता.

"ये गो माझे बाय!" शेठनी तिला उचलून मांडीवर घेतलं. फोटोग्राफर सरसावला. मनस्वीने शेठच्या मिशांवर पंजा ठेवून त्यांचं तोंड हळूच पलीकडे वळवलं.

"नाय."

"लाजते जराशी," साईनाथ म्हणाला. ती जन्मात लाजली नव्हती.

केक आला, त्यावर दोनच्या आकड्याची मेणबत्ती. ती पेटवली, दिवे घालवले, टाळ्या सुरू झाल्या. मनस्वीने हात जोडले.

"मनू, फू कर."

"नाय. बाप्पा."

"अगं, शेठ थांबलेत. फू कर!"

शेठना वाटलं, आपणच मदत करावी. ते वाकले, गाल फुगवले, आणि त्या फुगलेल्या गालावर चट्दिशी एक चापटी बसली. "बाप्पा फू नाय!"

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. दारात उभ्या गिरजाबाईने पदर तोंडाला लावला. साईनाथने घाईने स्वतःच फुंकर मारली. मग जे व्हायचं तेच झालं. मनस्वी जमिनीवर आडवी पडली, टाचा आपटल्या, आणि असा काही टाहो फोडला की गोठ्यातलं वासरू साथीला हंबरलं. मेणबत्ती पुन्हा पेटवली की पोरगी हात जोडून गप्प. फुंकरीसाठी कुणी वाकलं की पुन्हा टाहो. मेण ओघळून गुलाबी क्रीमवर साचत होतं.

शेठनी घड्याळ पाहिलं. "साईनाथ, मला अजून धसईला जायचंय रे."

वाल्मिक मागे पाण्याच्या पिंपापाशी पाहुण्यांचे ग्लास भरत होता. मनस्वीला तो दिसला. "वाकाका!"

त्याने हात पुसले, तिला कडेवर घेतलं आणि जळती मेणबत्ती बुडाशी धरून अलगद उचलली. "चल गो बाय, बाप्पाला घरात बसवू. त्येला हितं माणसांत गरम व्हतंय." मेणबत्ती देव्हाऱ्यापुढे गेली, मनस्वीने नमस्कार केला आणि मिनिटभरात त्याच्या खांद्यावर बसून हसत बाहेर आली.

"हा कोन रे?" शेठनी विचारलं.

साईनाथने तोंड उघडेपर्यंत गिरजाबाई दारातून बोलली. "पुतन्या माजा, वाल्मिक. नळाला पानी नाय की वाल्मिक, कुनाला दवाखान्यात न्यायचं की वाल्मिक. आख्खी आळी त्येलाच हाक मारते."

"बॅनरवर नाय दिसला."

"जागा नव्हती, शेठ," साईनाथ म्हणाला.

"जागा करायची आसते," शेठ म्हणाले आणि त्यांनी वाल्मिकला जवळ ओढलं. फोटो निघाला: कोंडूशेठ, वाल्मिक आणि त्याच्या खांद्यावर खिदळणारी मनस्वी. केकचं ताट धरून उभ्या साईनाथचं फक्त कोपर आलं.

"वाल्मिक, उद्या सकाळी येऊन भेट."

"सकाळी भेंडी न्यायचीय, शेठ."

"मग दुपारी ये. वॉर्ड दोनचं बोलायचंय." शेठ गाडीकडे निघाले, जाता जाता थांबले. "साईनाथ, याच्या उमेदवारीच्या फॉर्मवर सूचक तूच हो. घरच्याच मानसाची सही आसली का बरं दिसतं."

सगळी आळी बघत होती. साईनाथने सवयीने हात जोडले. "हो, शेठ."

गाडी गेल्यावर नम्रताने मेणासकट केक कापला, कारण पोरं ताटकळली होती. साईनाथ ओट्याच्या कडेला एकटा बसला. मनस्वी कोपरापर्यंत क्रीम माखून त्याच्यापाशी आली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आपल्या मुठीतला तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. आजवर तिने वासराशिवाय कुणाला आपल्यातलं काही दिलं नव्हतं.

साईनाथने खाल्लं. त्यात अर्धं मेण होतं. तरी त्याने चावून चावून गिळलं, आणि तिने "आनखी?" विचारल्यावर मान हलवून "हो" म्हणाला. त्या दिवसातलं हे दुसरं "हो" तेवढं त्याने मनापासून म्हटलं.