नमस्कार करून बुडवलेले कागद

माझ्या धाकट्या भावानं आमच्या वडिलांचा शाळेचा दाखला धरणात सोडला, तोही हळदकुंकू वाहून, नमस्कार करून. त्याच्याबरोबर त्याचं स्वतःचं मतदानाचं कार्ड, रेशनकार्ड आणि जातीचा दाखला, सगळं एका फडक्यात बांधलेलं. मोबाइलवरच्या ग्रुपचा हुकूम खरं तर जाळायचा होता. जाळायचं आणि जळतानाचा फोटो पाठवायचा. पण दाखल्यावर वडिलांचं नाव होतं, आणि बापाच्या नावाला काडी लावायची त्याची छाती झाली नाही. देव्हाऱ्यातली तसबीर भंगली की आपण ती पाण्यात सोडतो, तसं त्यानं केलं. जिथं आमचं जुनं गाव बुडालं आहे तिथवर तो होडीनं गेला. भावजयीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. मग फोन ठेवला आणि मी रडले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं शिकवलं. शेवटची काही वर्षं निरगुडसरला होते, आता मंचरला दोन खोल्यांत राहते. माहेर मात्र पार पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, धरणाच्या वर. भात, नाचणी, बांधावर हिरड्याची झाडं. धरण झालं आणि गाव उचलून डोंगराच्या पोटात आलं, तेव्हा हा भाऊ लहान होता. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं लोक सहज म्हणून जातात. आमच्याकडं चैत्रात बायका खरोखर हंडे घेऊन धरणात उतरतात आणि तेच पाणी कालव्यानं खालच्या उसाला जातं.

आमच्या गावात कुठलीही गोष्ट हात वर करून ठरत नाही. देवळात घरटी एक माणूस बसतं. मोडा कुठल्या वारी पाळायचा, म्हणजे शेतात कुणीच पाय ठेवायचा नाही तो दिवस कुठला, हिरडा कधी झोडायला काढायचा, झऱ्याच्या पाण्याची पाळी कशी लावायची, हे एकेकाला विचारून ठरतं. एखादं घर आलं नाही तर बोलवायला माणूस जातो. एक जण जरी नको म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. मला तरुणपणी या गुऱ्हाळाचा भारी कंटाळा यायचा. आणि हे विचारायचं काम गेली पंधरा वर्षं करत होता तो माझा हाच भाऊ. त्याच्याइतका दम दुसऱ्या कुणाकडं नव्हता. गावाच्या टोकाला एक म्हातारी विधवा राहते, तिला ऐकू कमी येतं. तो तिच्या शेजारी उकिडवा बसायचा, तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगायचा आणि ती बोलेपर्यंत थांबायचा. एकदा ती नको म्हणाली म्हणून अख्ख्या गावाचा हिरडा चार दिवस थांबला. लोक कुरकुरले, तर हा म्हणाला, "तिची बी दोन झाडं हायेत की राव."

मोबाइल त्याला मीच दिला. निवृत्त झाल्यावर मी नवा घेतला आणि जुना त्याच्या हातात ठेवला. आधी भजनं, बैलांच्या शर्यती असं चाललं होतं. मग तो माणूस आला. कुठल्याशा शहरातला, मागं मखमली पडदा, पुढं माईक, आवाज धीरगंभीर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: निवडणुका हे थोतांड, राज्यघटना हे दुसऱ्यांनी आपल्या माथी मारलेलं बाड. देशाला एकच धनी हवा, त्याचा शब्द हाच कायदा. तो धनी येईस्तोवर जाग्या माणसानं सरकारच्या कुठल्याही कागदावर सही करू नये, बोटाला शाई लावून घेऊ नये. आणि त्याचं लाडकं वाक्य, मेंढरांना कुणी विचारतं का कुठं चरायचं ते? सगळं हिंदीत. माझा भाऊ बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायला लागला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तो मूर्ख नव्हता, हे मी आज सांगते. त्या वेळी मी त्याला मूर्खच म्हणाले. लागोपाठच्या निवडणुकांत येईल त्या उमेदवाराला त्यानं गळ्यात हार घातला, कारण प्रत्येकानं नळाचं पाणी देईन म्हणून सांगितलं. टाकी झाली. पाइप आलाच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज घेऊन तो तालुक्याच्या कचेरीत किती खेटे घालत होता ते मला ठाऊक आहे. प्रत्येक वेळी बाकावर बसून परत यायचा. अशा माणसाला पडद्यापुढच्या त्या गृहस्थानं सांगितलं की तुझी काही चूक नाही, तू शहाणा आहेस, खोटं आहे ते सगळं राज्यच. दुखणं खरं होतं. औषध म्हणून विष दिलं गेलं, आणि ते देणाऱ्याला आमची टाकी कुठं आहे हेही माहीत नव्हतं. या मंडळींची मला सगळ्यांत चीड येते ती इथं. ज्याला कुणी विचारत नाही त्याला जाऊन ते सांगतात की यापुढं कुणालाच विचारायला नको.

मी त्याच्याशी भांडले ते चौथीच्या पोराशी भांडावं तसं. तारखा, कलमं, पुरावे. मेंढरं शेवटी कुठं नेतात ते तरी विचार त्याला, असंही म्हणाले. तो जेवता जेवता शांतपणे म्हणाला, "आक्का, तू जलमभर इलेक्शनची ड्युटी केलीस. लोकांच्या बोटावर गुलामीचा शिक्का मारत हिंडलीस." मी ताटावरून उठले. भर पावसात मतदान यंत्र डोक्यावर घेतलेल्या माणसांमागून मी ज्या वाड्यांवर चढले होते, त्या वाड्या डोळ्यांपुढं आल्या. त्यानंतर आठ महिने मी त्या घरात पाऊल टाकलं नाही. गेले असते तर काही बदललं असतं असं नाही, पण मी गेले नाही हे खरं.

त्याची थोरली पोर अकरावी-बारावीला माझ्याकडं राहिली. तिला नर्स व्हायचं होतं. तिची धाकटी बहीण दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये जन्मली, तेव्हा ही सात वर्षांची होती आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्या दिवसापासून तिचं ठरलेलं. बारावीनंतर पुण्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या राखीव जागांच्या यादीत तिचा नंबर लागला. जातीच्या पडताळणीचं प्रमाणपत्र नंतर दिलं तरी चालणार होतं, पण अर्ज दाखल केल्याची पावती ठरल्या मंगळवारपर्यंत हवी होती. आणि कागद तर धरणाच्या तळाशी.

मी धावपळ केली. वडिलांच्या जुन्या शाळेचं रजिस्टर शिल्लक होतं. हेडमास्तर माझ्याच हाताखालून गेलेले. पिवळ्या पानावर टाकानं लिहिलेली वडिलांची ओळ सापडली, जात स्पष्ट लिहिलेली, आणि आम्ही आत्या-भाची त्या रजिस्टरवर डोकं टेकवून हसलो. नवा उतारा मिळाला. बाकीचंही जुळवलं. उरलं एकच, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. त्यावर मुलीच्या वडिलांची सही.

तालुक्याला कचेरीत मी आणि भावजय गेलो. खिडकीतला कारकून बिचारा भला होता. मी म्हटलं, आत्याची चालेल का, आईची चालेल का?

"वडील हयात आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यांचीच लागणार, बाई. नसते तर आईचं चालवून घेतलं असतं."

बाहेर आल्यावर भावजय पायरीवर बसली. "वन्सं, मंग मी काय सांगू? मेला म्हणून सांगू?" म्हणाली आणि लगेच मंगळसूत्र मुठीत धरून तिनं जीभ चावली. त्या दिवशी तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नाही.

शेवटी मी आठ महिन्यांनी त्या घरी गेले. तो ओसरीवर बसला होता, पाठ भिंतीला, मोबाइल मांडीवर. वाळला होता. मी आवाज न चढवता बोलायचं ठरवून गेले होते.

"सही केली की मी त्यांचा झालो, आक्का."

"कुणाचा?"

"सरकारचा. दोन वर्सं पाळलंय म्या. आता पोरीपायी मोडू?"

"अरे, पोरीला काय वाटतं ते तरी विचार तिला."

"पोरीला काय कळतंय? तिला इचारून काय करायचं?"

पोर दारातच उभी होती. हे वाक्य त्याचं नव्हतं, हे मला लगेच कळलं, पण ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि तिनं ऐकलं होतं. ती चपला घालून बाहेर गेली.

ती गेली ती थेट देवळाकडं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी बैठक बसली. घरटी माणूस आलं, फक्त आमचं घर नव्हतं. बोलवायला माणूस पाठवला, तर आत निरोप की येत नाही. एक घर वगळून गाव काही ठरवत नाही, म्हणून मग बैठकच उठली आणि आमच्या अंगणात येऊन बसली. पुरुष, बाया, सगळे. त्या म्हातारीला दोघींनी हाताला धरून आणलं. सगळे बसले खरे, पण सुरुवात कुणी करेना, कारण सुरुवात नेहमी हाच करायचा. शेवटी म्हातारीच मोठ्यानं बोलली, बहिरी माणसं बोलतात तशी. "सही कर रं लेकरा. पोर जाऊंदी शिकायला. आमी समदी व्हय म्हणतोय."

तो दारात आला. सगळ्यांकडं बघून म्हणाला, "धा टाळकी जमली म्हणून खऱ्याचं खोटं व्हत न्हाई." आणि आत जाऊन त्यानं कडी लावली. मला वाटलं आता कुणीतरी शिवी देईल. कुणी दिली नाही. लोक थोडा वेळ बसले, भावजयीनं दिलेलं पाणी प्याले आणि एकेक करून निघून गेले. भावाच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं मलाच झालं.

मंगळवार गेला. बुधवारी पोरीनं मंचरहून कॉलेजला फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट बोलून सांगितलं की जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली. "थँक यू मॅडम," म्हणून तिनं फोन ठेवला, भाकऱ्या थापल्या आणि जेवलीसुद्धा. मी तिच्यासमोर मोबाइलमधल्या त्या माणसाला आणि माझ्या भावाला एकाच दमात नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "आत्या, आबांना नका काही बोलू." त्या दोघांना एका दावणीला बांधल्याचं तिला सहन झालं नाही.

पुढचं मला भावानं स्वतः सांगितलं. बैठक उठून गेल्यावर त्याला चैन पडेना. त्यानं ठरवलं, ग्रुपलाच विचारू. दोन वर्षांत त्यानं तिथं कधी काही लिहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आता लिहायला गेला तर खाली लिहायची जागाच नाही. तिथं तो एकटाच माणूस बोलू शकत होता, बाकीच्या हजारोंनी फक्त अंगठा उचलायचा. "मला वाटलं मोबाइल बिघडला," तो म्हणाला. मग त्यानं कुठून तरी त्या माणसाचा नंबर शोधला आणि मोडक्या हिंदीत लिहिलं, पोरीची जागा जाते आहे, तिच्यापुरती एक सही करू का, मग मी पुन्हा तुमचाच. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर त्याला ग्रुपातून काढून टाकलं. त्याला ते तेव्हा कळलंही नाही. रेंज नसेल म्हणून तो डोंगराच्या टेपाडावर जाऊन बसला, सलग दोन दिवस, भाकरी बांधून नेऊन. त्या दोन दिवसांत मंगळवार होता.

शुक्रवारी सकाळी पहिल्या एसटीनं तो मंचरला माझ्या दारात उभा राहिला. धुतलेला सदरा, हातात पिशवी. पिशवीत स्टॅम्पपेपर. उत्तर येणार नाही हे पटल्यावर आदल्या दिवशी तालुक्याला एकटा जाऊन, रांगेत उभा राहून, त्यानं प्रतिज्ञापत्र करून आणलं होतं. प्रत्येक पानावर सही, वळणदार, मी लहानपणी त्याला गिरवायला लावली होती तशी.

"घे, केली," तो पोरीला म्हणाला. "आता त्या कालेजच्या सायबाला मी भेटतो. पाया पडतो त्याच्या. कुणाच्या बी पडतो."

पोरीनं कागद घेतला. उभ्यानंच तिनं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, सही, शिक्का, तारीख, सगळं तपासलं. कुठं काही चुकलेलं नव्हतं.

"जागा गेली, आबा," ती म्हणाली. "पर ऱ्हाऊ द्या. धाकटीला लागंल."

तिनं कागद प्लॅस्टिकच्या फायलीत घातला आणि फाईल कपाटावर ठेवली.

"आन् तुझं?" त्यानं विचारलं.

लांबून आलेल्या माणसाला देतात तसा तिनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि तो भरलेला तांब्या तसाच धरून माझा भाऊ माझ्या उंबऱ्यात रडत उभा राहिला.